उटण्यानं पुसलेल्या खुणा

मुक्काम कळस

वडगावकर तात्याबा दाजींच्या पायाशी भीमा मेव्हण्याचा रामराम. हितं माणसं-जनावरं खुशाल हायेत. तुमची तब्येत इचारत न्हाय, कारण तुमच्या छातीत गाठ निघाली आन् तुमी दवाखान्याचं नाव काढू देत न्हाय, हे गोजरआक्कानं फोनवर रडत सांगितलंय. माझा फोन आला की तुमी तो गव्हाणीत ठेवून गोठ्याबाहेर जाता, म्हणून कागद खरडतोय.

तर दाजी, गेल्या साली माझ्या फुफ्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली. (तुमची बोराएवढी हाय म्हणं. मिजास मातुर माझ्यापेक्षा मोठी.) माझ्या दमेकरी छातीला ऑपरेशन झेपणार न्हाय, म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी किरणांचा नेमका शेक द्यायचं ठरवलं. मी इचारलं, आख्खी छाती भाजणार का? त्या म्हणाल्या, न्हाय, किरणं सगळीकडून येतात, पर जोर गाठीवरच. म्हंजे पाटपाणी न्हाय, ठिबक, असं मी म्हणालो तवा बाई हसल्या. गुण किती, तर अशा बारक्या गाठी बहुतेकांच्या आवरतात. पर थकवा येतो, खोकला वाढतो, कुणाच्या फुफ्फुसाला सूजबी येती, आन् हमी कुणीच देत न्हाय, हेबी त्यांनी सांगून टाकलं.

मग हलू नये म्हणून माझ्या अंगाच्या मापाची गादी केली आन् किरणांच्या नेमासाठी छातीवर शाईच्या खुणा. शेक संपंस्तोवर पुसायच्या न्हाईत, असं बजावलं. पर मधीच दिवाळी आली. मी सारजेला धा येळा सांगितलं व्हतं, तरी नरकचतुर्दशीला बिनउटण्याचा नवरा घरात फिरलेला तिला बघवंना. मी पाटावर, डोळ्यांत तेल, आन् तिनं पयल्यांदा खुणाच घासल्या. वर मलाच म्हणाली, "सणाच्या तोंडावर कुणी छाती काळी करून घेतं व्हय?" पुन्यांदा पुणं, पुन्यांदा खुणा. (बाई सारजेला चकार शब्द बोलल्या न्हाईत. समदं मीच ऐकलं.)

पुढं दिवसाआड पाच येळा शेक झाला. यंत्र फिरतं, आपुन गप पडायचं, दुखत न्हाय. सांगतील तवा श्वास रोखायचा. आक्का बोलायला लागली की तुमी तीस वर्सं तेच करताय, तुमाला काय जड जायचं न्हाय. नंतर दोन म्हयनं मी खोकलो, दुपारचा झोपलो, आन् तपासणीत गाठ आक्रसलेली निघाली. भ्यायासारखं त्यात कायबी न्हाय.

तुमचा मेव्हणा,
भीमा

ता. क. तुमच्या दारात जीप उभी हाय. आक्कानं तुमची पिशवी कालच भरलीया. बाईंना तुमचं नाव सांगून ठेवलंय. तिथं नुसतं दाखवायचं, मग काय ते तुमी ठरवा.

आणखी ता. क. हे जीपमधी बसून लिहितोय. आज माझी दुसरी तपासणी हाय. गाठ गेल्या खेपेला बारीक झाली व्हती, आता काय निघंल ठाव न्हाय. वर लई शाणपणा केलाय, पर दाजी, दवाखान्यात एकल्यानं जायाचा धीर हुईना. धोतर बदलत बसू नका, हाय तसं या.