आमच्या परसातल्या मुंग्या आणि मैथिलीचा साखरपुडा

डोंबिवली (पूर्व),
वैशाख, बुधवार

तीर्थरूप अक्का हिला भाऊचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी धरूनच चालतो, कारण आपल्या घरात कोणी कोणाचं ऐकल्याचं उदाहरण नाही. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वासंती गेले अकरा दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते (‘पाणी गेलं’, ‘सिलिंडर आला’, ‘चष्मा फ्रिजवर आहे’). एरवी मी या शांततेसाठी नवस बोललो असतो. तुझं शहाड काही परदेशात नाही, उठून येऊन सांगता आलं असतं. पण समोर बसून सांगायला लागलो की तू मध्येच हसतेस, आणि हे हसण्यासारखं नाही. वासंतीने तुला फोनवर सांगितलं असेलच. ती हल्ली अख्खी हकीकत दोन वाक्यांत उरकते: ‘ह्यांनी झाडावर फवारा मारला. साखरपुडा मोडला.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण मधलं सगळं गाळलंय, आणि माझी बाजू नेमकी मधल्यात आहे.

सुरुवात माझ्याकडून झाली नाही, हे आधी लिहून ठेवतो. मार्चमध्ये साकेतचे आईवडील घर बघायला आले. (साकेत म्हणजे आपल्या मैथिलीने स्वतः पसंत केलेला मुलगा. माणसं माजिवड्याची, राहायला सत्ताविसाव्या मजल्यावर, आणि हा मजला ते आडनावासारखा सांगतात.) त्यांना मी परसात बसवलं. आंबा मोहरून कैरीला आलेला, वारा बरा होता, वासंतीने खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. विहीणबाईंनी सगळं बघितलं, वडीचा एक तुकडा मोडला आणि म्हणाल्या, ‘‘छान आहे हो तुमचं. फक्त मुंग्या फार आहेत.’’ अक्का, या घरात आपले आईवडील राहिले, तुझं लग्न या परसातून झालं, तेव्हा दोनशे पान उठलं. मुंग्या तेव्हाही असणार. पण सांगितलं होतं कोणी तोंडावर? त्यातून त्यांनी लगेच सुचवलं की साखरपुडा त्यांच्या संकुलातल्या हॉलमध्ये करू, एसी आहे. मी म्हणालो, साखरपुडा मुलीकडे, मुलीच्या परसात, आणि एक मुंगी दिसली तर नाव बदलीन. वासंती तेव्हाच कपाळाला हात लावून आत गेली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते तपशिलात सांगत नाही (सांगतो). आधी खडू आणला. परसाच्या चारी कडांनी, ओट्याभोवती, माडाच्या बुंध्याला, सगळीकडे दुहेरी रेघा मारल्या. मुंग्यांनी दोन दिवस विचार केला आणि नळाच्या खालून नवीन वाट काढली. मग हळद टाकली, मग दालचिनीची पूड, मग लिंबाच्या साली. साली कुजून त्यांवर चिलटं आली. चिलटांसाठी कडुनिंबाची धुरी केली, तर शेजारच्या कमळाबाईंना खोकल्याची उबळ आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाची चर्चा झाली. शेवटी आईची युक्ती आठवली. दुभत्याच्या कपाटाचे पाय ती पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, आठवतं? मी चार टेबलं भाड्याने आणली, त्यांच्या सोळा पायांखाली सोळा वाट्या. नवरानवरीच्या दोन खुर्च्यांचे आणखी आठ. या चोवीस वाट्या वासंतीच्या श्रीखंडाच्या होत्या, हे मला कोणी सांगितलं नाही. (तिचं म्हणणं, सांगितलं होतं. असेल.) बाग बघायला येतो तो धोंडिबा हे सगळं हातावर तंबाखू मळत बघत होता. तो एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, जमिनीवरचं काय करायचं ते करा. आंब्यावरच्या ओंबिलांना हात नका लावू. त्या त्यांच्या त्यांच्या असतात.’’ ओंबील म्हणजे त्या पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, लहानपणी तू एकदा त्यांच्या फांदीवर बसली होतीस. पण अक्का, विहीणबाई काय तांबड्या-काळ्यांचा भेद करणार होत्या? मुंगी ती मुंगी.

साखरपुडा रविवारी पाचला. माणसं मोजकीच, पस्तीस. वरून पान, किडा काही पडू नये म्हणून मी आंब्याच्या फांद्यांना चार दोऱ्या बांधून पांढरं कापड ताणलं होतं. दुपारी साडेतीनला, सगळे तयार होत असताना, मी दुकानातून आणलेलं औषध पंपात भरलं आणि झाडावर चांगला वरपर्यंत फवारा मारला. घरटी हलली, थोडी धावपळ झाली, मग शांत. मला फार बरं वाटलं. त्या तासाभरात मी जितका सुखी होतो तितका निवृत्तीनंतर झालेलो नव्हतो.

पाचला मंडळी आली. मी फाटकाशी उभा राहून प्रत्येकाला रेघ ओलांडून या, रेघेवर पाय देऊ नका, असं सांगत होतो. साकेतच्या आजींना रेघ ओलांडता येईना, तर मी त्यांना बाजूने वळसा घालायला लावला, हे चुकलंच. श्रीखंड कागदी द्रोणांत वाढलं (वाट्या कामावर होत्या). साकेत खुर्चीवर बसला, खुर्चीचा पाय वाटीतून निसटला, आणि त्याच्या नव्या मोजड्या भिजल्या. तो हसला. मुलगा तसा बरा आहे, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. गुरुजी ताट मागत होते, मैथिलीने हात पुढे केला होता, तेवढ्यात विहीणबाई किंचाळल्या.

फवाऱ्याने ओंबिलं मेली नव्हती. ती चिडली होती. खाली यायला त्यांना मीच बांधलेल्या चार दोऱ्या मिळाल्या, आणि जमायला मीच ताणलेलं कापड. तिथून ती पस्तीस माणसांच्या डोक्यावर पडू लागली. अक्का, मी कोणाचा अपमान व्हावा म्हणून सांगत नाही, पण जरीच्या शालूत ओंबील शिरलं की माणसाचा सत्ताविसावा मजला उरत नाही. माणसं टेबलं ढकलून पळत होती, वाट्या उलटत होत्या, साकेतचे वडील केस झटकत नळाखाली जाऊन बसले. विहीणबाई फाटकाशी पोचल्यावर म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे मुंगी येतसुद्धा नाही.’’ इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘येईल कशाला? खाली सांडेल इतकं कोणाला वाढतच नसाल.’’ त्यावर सगळं संपलं. अंगठ्या डबीतच राहिल्या. साकेत वळून वळून बघत होता, पण आईला धरून गाडीत बसवणं त्याला भाग होतं.

माणसं गेल्यावर मैथिली अंगठीच्या डबीशी उभी होती. मानेवर चाव्यांचे लाल फोड. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘‘बाबा, तीन आठवड्यांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंत, साकेत कसा आहे म्हणून?’’ मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती बॅग भरून निघून गेली. कुठे, ते मला सांगायची या घरात कोणाला गरज वाटली नाही. माझा फोन उचलत नाही. आता मला सांग, यात माझं नक्की काय चुकलं? घराची अब्रू राखायला गेलो एवढंच ना? कमळाबाई तर माझ्याकडे बघतही नाहीत, बाकी सगळी आळी अशी बघते, जणू ओंबिलं मी घरी पाळली होती. मी हे कोणाला सांगणार नाही. सांगायची मला गरजही नाही. गुडघ्याची काळजी घे.

तुझा धाकटा,
भाऊ

ता. क. मी काही बोललो नाही असं वर लिहिलंय, ते खरं नाही. मी तिला म्हणालो, ‘‘पण श्रीखंड बघ, एक मुंगी लागलेली नाही.’’ द्रोण उचलून दाखवलासुद्धा. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

ता. क. २. परवा साकेत एकटा आला होता. मला वाटलं भांडायला आला. तो परसात बसला, मोजड्यांचं काय झालं विचारलं तर म्हणाला वाळल्या. आईचं मन वळवतोय, थोडा वेळ द्या, म्हणाला. मैथिली त्याचेही फोन घेत नाही. मी त्याला विचारलं, तू कसा आहेस? तो बराच वेळ सांगत होता. त्याच्या आवडीनिवडी मला आता पाठ आहेत. कारलं खातो.

ता. क. ३. सोमवारी मी शहाडला आलो होतो. तुझ्या फाटकापर्यंत. दाराशी मैथिलीच्या चपला दिसल्या आणि मी परत फिरलो. वर तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी मुद्दामच केली नाही. पट्टी अजून निघालेली नाही, वासंतीकडून कळलं. म्हणजे हे पत्र तुला कोणीतरी वाचून दाखवत असणार, आणि ते कोण, तेही मला माहीत आहे. तर जी वाचत असेल तिला म्हणावं, हॉल तुम्ही ठरवा, एसी असो नसो, मी शेवटच्या रांगेत बसेन आणि तोंड उघडणार नाही. आणि इथवर वाचून झालं असेल तर मला एक मिस्ड कॉल दे म्हणावं. मी उचलणार नाही. नुसता वाजला तरी चालेल.