शिमग्याच्या आत

१४ सप्टें., रवि.

पत्र आलं. टाकीजवळच्या चढावर रेंज मिळते, तिथे उभी राहून मोबाइलवर तीनदा वाचलं. गुरुग्राम, दिल्लीला लागून. खाजगी हॉस्पिटल, नवजात बाळांचा आयसीयू. पगार इथल्याच्या तिप्पट, राहायला हॉस्टेल, करार दोन वर्षांचा. ३ नोव्हेंबरला हजर.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत त्या मॅडमनी विचारलं होतं, वाटेत वॉर्मर नसेल तर कमी वजनाचं बाळ गरम कसं ठेवता? म्हटलं, आई शुद्धीवर नसेल तर मीच छातीशी बांधते, वरून माझी ओढणी, वरून चादर, नि जव्हारचं हॉस्पिटल येईपर्यंत जीपमध्ये हलत नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, गेली नोकरी. नाही गेली.

१६ सप्टें.

दवाखान्यात साहेबांना सांगितलं. डॉक्टर माणूस चांगला आहे. म्हणाले, सिस्टर, तुम्ही गेलात तर इथल्या बाळांचं काय?

सहा वर्षं कंत्राटी आहे. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात नि परत घेतात. त्या एका दिवशी बाळांचं काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही. हे मनात म्हटलं असं लिहिणार होते, पण रोजनिशीत खोटं कशाला. तोंडावरच म्हटलं, आवाज जरा गोड ठेवून.

१९ सप्टें.

दादाला कुणीतरी सांगितलंच. मोखाड्याहून मोटारसायकल काढून आला. शाळामास्तर आहे, त्यामुळे बहिणीपुढेही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलतो. एकटी बाई, नवऱ्याने टाकलेली, एवढ्या लांब, लोक काय म्हणतील.

लोक? दिवाळी झाली की आमच्या पाड्यावर लोक उरतात कुठे? अर्धा पाडा वीटभट्टीला जातो, भिवंडी, वसई. म्हातारी माणसं घरी, कोंबड्या शेजारणीकडे अर्धलीने, म्हणजे पिल्लं निम्मी तिची, निम्मी आपली. त्याला सगळे जगायला जाणं म्हणतात नि कुणी बोट दाखवत नाही. मी शिकून, मुलाखत देऊन, पत्र घेऊन निघाले तर मला पैशाची हाव सुटली. हे सगळं दादाला ऐकवलं. चहा अर्धा टाकून गेला. जाऊ दे.

२१ सप्टें., रवि.

सुट्टी होती, सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर घरी गेले. आयेला सांगायचं होतं. रस्ताभर जोर गोळा करत गेले, भांडणाची सगळी वाक्यं तयार. ती दारात भाजी निवडत बसलेली. किती लांब, विचारलं. रेल्वेने एक दिवस, एक रात्र. भट्टी हाय का? नाही, दवाखाना.

“मंग जा. सारी दुनियाच जाते जगाया.”

एवढंच. माझी वाक्यं तशीच राहिली. एवढ्या सहज कशी काय मानली? विचारलं नाही. मिळालेला होकार उकरून बघू नये.

५ ऑक्टो., रवि.

जव्हारला, सोनलच्या आश्रमशाळेत. पाचवीत आहे, पहिलीपासून तिथेच. मी सोडून चालले म्हणणाऱ्यांनो, पोर चार वर्षं हॉस्टेलात आहे, तेव्हा तुम्ही त्याला शिक्षण म्हणत होतात.

रडेल वाटलं होतं. उलट यादीच दिली. रंगपेटी, केसांचे चाप, एक स्वेटर. “शिमग्याला येशील तेव्हा आण.” मी हो हो करत होते. निघताना परत तेच, शिमग्याला. विचारलं, तुला कुणी सांगितलं शिमग्याला येणार म्हणून?

“आजीनं. सगळी येतात, मंग तू पण येशीलच नं.”

आता कळलं आये का मानली. भट्टीवर गेलेला माणूस शिमग्याच्या आत परततोच, मुकादमाशी भांडून का होईना परततो. होळीनंतर परगावी राहिलेलं आमच्याकडे कुणी बघितलेलं नाही. मी नोकरी म्हटलं, दोन वर्षं हा शब्द गिळला. तिने तिला माहीत असलेलं जाणं धरलं.

सोनलला काही बोलले नाही. जीपमध्ये बसले. साहेबांना तोंड देते, दादाला देते नि दहा वर्षांच्या पोरीपुढे वाचा बसली.

६ ऑक्टो.

आता सांगू नये. तिकडे गेल्यावर फोनवर सांगता येईल. एकदा गेलेलं माणूस कुणी ओढून आणत नाही.

दुपारी ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी आठवलं. सोनलचा बापही असाच गेला. आठ दिवसांत आलोच, म्हणाला. वसईत दुसरं घर केल्याचं फोनवरच कळवलं. मग दिवसभर तापलेली होते, उगाच वॉर्डबॉयला बोलले. त्याला सॉरी म्हणायचं राहिलं.

जायचं तर आहेच. पण त्याच्यासारखं नाही.

२० ऑक्टो.

सोनल दिवाळीच्या सुट्टीत घरी. चुलीपाशी दोघींना बसवून सांगितलं. दोन वर्षं. मधे रजा मिळेल, पण कधी ते त्यांच्या हातात. वर्षाने खोली घेईन, मग सोनलला तिथल्या शाळेत नेईन, हॉस्टेल सुटेल. हे सगळं त्यासाठी चाललंय.

आये लाकडं पुढे सारत राहिली. मग म्हणाली,

“दोन वर्सं? मंग हे जगाया जाणं नाय. हे नुस्तं जाणं हाय.”

सोनल उठून कोंबड्यांकडे गेली. जेवायला आली नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पत्र फाडावं असं एकदाही वाटलं नाही. हेही खरं आहे, म्हणून लिहिलं.

२३ ऑक्टो., भाऊबीज

दादाला घरातलं समजलंच. ओवाळून झालं तरी पाटावरून उठेना. म्हणाला, आई रडते, पोर बोलत नाही, आता तरी ही नोकरी सोड, एवढं भावाचं ऐक.

म्हटलं, “दादा, ओवाळणी भाऊ घालतो. मागत नाही.”

वहिनी खाली बघून हसली. मी बघितलं. दादाने बघितलं नाही हे तिचं नशीब. आये मात्र हसली नाही, पण त्याची बाजूही घेतली नाही. म्हणाली, ती सांगून तं जाते, पोरीचा बाप गेला तवा खरं नाय बोलला.

२६ ऑक्टो., रवि.

सहा दिवसांनी सोनल बोलली. विहिरीवरून येताना, हंडा डोक्यावर असताना, म्हणजे मला वळून तिच्याकडे बघता येऊ नये अशा बेताने.

तिथल्या बाळांना पण छातीशी बांधणार?

नाही, तिथे मशीन असतात.

“मंग तुझं काय काम?”

हंडे उतरवल्यावर दगडावर बसून तासभर सांगितलं. मशीन फक्त वाजतं. वाजल्यावर बाळाचं काय बिनसलं ते माणसालाच बघावं लागतं. मुठीएवढा हात, त्यात सुई कशी घालायची. ऐकत होती. शेवटी म्हणाली, मला पण दाखवशील? दाखवीन, म्हटलं.

३१ ऑक्टो.

दवाखान्यात निरोप. साहेबांनी शाल दिली. परत यावंसं वाटलं तर कळवा, म्हणाले. कायम करणार असाल तर तुम्हीच कळवा, म्हटलं. दोघंही हसलो. मी निम्मीच हसले.

१ नोव्हें., शनि.

पहाटे खोडाळ्यावरून जीप, मग इगतपुरीला गाडी. गाडीतच लिहितेय, अक्षर हलतंय.

आयेने नागलीच्या पिठाची पिशवी दिली, भट्टीवर जाणाऱ्यांना देते तशीच.

शिमग्याला आमच्याकडे घरटी एक नारळ होळीत टाकतात. सोनलचा बाप गेल्यापासून आमच्या घरचा मी टाकते. पहिल्या वर्षी पुरुषांची कुरबुर झाली, बाईने कसा टाकायचा. मी पुढे जाऊन टाकला, मग कुणी विचारायचं सोडलं. सोनल तेव्हा माझ्या पदराला धरून होती. सगळं बघितलंय तिने.

जीप सुरू झाल्यावर खिडकीशी आली. वाटलं, आता रडेल.

“आजी म्हणते, नारळ ती टाकंल. मी टाकू द्यायची नाय. आपल्या घरचा नारळ तूच टाकायचा. नाय आलीस तं राहंल तसाच.”

जीपवाला हसला. मला नाही हसू आलं. मी असंच बोलते, दादा नेहमी म्हणतो. समोरून ऐकायला कसं लागतं ते आज कळलं.

१८ जाने., रवि., गुरुग्राम

इतके दिवस लिहिणं झालं नाही. थंडी आमच्या सूर्यमाळच्या वरताण. काम जमलं. परवा एक इवलंसं बाळ मशीनवर होतं, सगळे आकडे बरोबर, पण मला त्याचा रंग आवडला नाही. डॉक्टरांना तीनदा बोलावलं, तिसऱ्यांदा ते चिडून आले नि मग थांबले. बाळ वाचलं. इन्चार्ज सिस्टर केरळच्या, आता मला नावाने हाक मारतात.

त्याच इन्चार्जनी होळीची रजा नाकारली. नव्या स्टाफला पहिल्या सहा महिन्यांत सणाची रजा नाही, नियम आहे. दुसरा अर्ज दिला. कारण काय लिहायचं, त्यांनी विचारलं. घरचा नारळ टाकायचा आहे, म्हटलं. आई आजारी लिही, लगेच मिळेल, म्हणाल्या. नाही लिहिलं. आये धडधाकट आहे. जे आहे तेच लिहिलं, चार जणींच्या रात्रपाळ्या अंगावर घेतल्या नि त्यांच्या सह्या जोडल्या. अर्ज वर गेलाय. उत्तर नाही.

तिकीट काढून ठेवलं.

दुपारी सोनलचा फोन, सुट्टीला घरी आली होती, पाड्यावर रेंज मिळते त्या चढावरून बोलत होती. रजेचं विचारलं नाही. मीच विचारलं, नारळ आणला का?

“कवाच. घरी आले की रोज हलवून बघते. पाणी हाय अजून.”