अर्धी म्हैस तुमची, अर्धी माझी

सायखेडा, सोमवार

विहीणबाई फुलाबाई यांना विमलाबाईचा मानाचा जय भीम. तुमचे गुडघे कसे हायेत? माझे ह्या आठवड्यात बरे हायेत. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाय, म्हणून कागद.

तर आपली पैज. मोहिनीचे गोचीड ज्या विहिणीच्या औषधानं जातील, तिच्याकडं आपली नात राखी मे महिनाभर राहील, असं ठरलं होतं. (म्हशीला मोहिनी नाव तुमच्या जावयानं ठेवलं, मी नाय.) पंच मी, कारण म्हैस माझी. लासलगावाहून तुम्ही पाठवलेलं कडुलिंबाचं तेल डाव्या बाजूला चोळलं, माझं लसूण-हळद-ताकाचं वाटण उजव्या बाजूला. मधी पाठीवरून चुन्याची रेघ मारली, उगा भांडण नको. शेजारची रंगूबाई कुंपणावरून म्हणती, "विमलाबाई, म्हशीला फोडणी देताय का?"

खरं तेच लिहिते. पहिल्या दिवशी तुमच्या बाजूचे गोचीड पळाले. माझा जीव खाली-वर झाला, राखीशिवाय मे महिना म्हंजे घरात मी आन पंखा. पण पळाले कुठं, तर रेघ ओलांडून माझ्याकडं. लसणाला कोणी भ्यालं नाय, पंगतीला बसल्यागत बसले. दुसऱ्या दिवशी मोहिनी तुमच्या बाजूच्या कुशीवर मातीत लोळली, तेल गेलं मातीला, आन गोचीड परत आपल्या जागी. (माहेरपण करून आल्यागत गुबगुबीत.)

तिसऱ्या दिवशी आमच्या कोंबड्या ताकाच्या वासानं आल्या. सहाच्या सहा माझ्या बाजूला. एक तर पाठीवरच चढली. वाटण टिपता टिपता गोचीडबी टिपले. तुमच्या बाजूला एकीनं चोच मारली आन असं तोंड केलं, तुम्ही माझा चहा पिताना करता तसं. उजवी बाजू साफ, डावी भरलेली. पंचानं निकाल दिला, राखी माझ्याकडं.

तुमची जिंकलेली विहीण,
विमलाबाई

ता.क. काल गुरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणले, "आजी, ह्या वासाला गोचीड दोन दिवस दबतो, मग तो तुम्हाला ओळखायला लागतो." पाठीवर औषध सोडलं, गोठाबी साफ करायला लावला. आता दोन्ही बाजू साफ हायेत, पण निकाल त्याच्या आधीचा हाय.

दुसरं ता.क. त्या कोंबड्या मागच्या वर्षी तुम्हीच टोपलीत घालून दिल्या होत्या. हे रंगूबाई चारचौघांत बोलली, म्हणून लिहावं लागतंय, नायतर लिहिणार नव्हते.

तिसरं ता.क. तर असं करू. राखीला तिकडं नेऊ नका, तुम्हीच महिनाभर इकडं या. चहा मी करीन, तोंड तुम्ही करा. आन येताना त्या तेलाची मोठी बाटली आणा. मोहिनीला नको. माझे गुडघे कशानं बरे झाले हे आत्ताच लिहिलं, तर तुम्ही आणखी एक पैज जिंकाल.