दूधवालीची नात

२ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लोण्याचा डबा पोचला. आता मन घट्ट करून पुढचं वाच.

टिंगी सात आठवड्यांची झाली. पंधरा दिवस झाले, पाजलं की पाय पोटाशी घेऊन किंचाळते. शेजारीण म्हणाली, कोबी सोड, डाळी सोड, तिखट सोड. सगळं सोडलं. नुसता भात, आणि तुझ्या सांगण्यावरून रोज चार पेले दूध. तरी सोमवारी तिच्या शीमध्ये शेंबडासारखा चिकटा आणि रक्ताची तार दिसली.

सासूबाईंचं म्हणणं पडलं की तुझं दूधच बाधतंय, डब्याची पावडर लाव. मी तिला उचललं आणि तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तिला तपासलं, वजन केलं, मग मी काय काय खाते ते विचारलं. त्यांना संशय आहे की गाईच्या दुधातलं काहीतरी माझ्या अंगावरच्या दुधातून तिच्या पोटात जातंय आणि तिला सोसत नाही. पाजणं थांबवायचं नाही, पण महिनाभर दूध, दही, लोणी, चीज बंद. बाकी पोटभर खायचं. तेव्हा तुझा लोण्याचा डबा शेजारणीला दिला.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
माऊ

९ मार्च

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

डबा शेजारणीला! आता ती होईल गुबगुबीत आणि तू काडी. पस्तीस वर्षं गोठा सांभाळते आहे. अर्ध्या गावाची पोरं माझ्या गाईंच्या दुधावर वाढली, तूसुद्धा. आणि आता नातीच्या पोटदुखीचा आळ त्यांच्यावर? तुझे बाबा म्हणाले, गाईंना नोटीस पाठवू या. मला मुळीच हसू आलं नाही. बाळंतिणीने दूध प्यायचं नाही, तर अंगावर दूध येणार कुठून, ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार.

जावईबापूंना आशीर्वाद. टिंगीच्या पायांना गोड पापा.

तुझी आई

२८ मार्च

ती. आईस,
सा. न.

विचारलं. त्या म्हणाल्या, आईंची गाय दूध पिते की चारा खाते? उत्तर तुला सुचलं तर कळव.

पहिला आठवडा फुकट गेला. शेवटी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली, तर दुधाची भुकटी! इतकी वर्षं छापखान्यात प्रूफं तपासते, आणि घरातच चूक सुटली. त्या दिवसापासून पुडा वाचल्याशिवाय तोंडात घास नाही. रक्त थांबून आज बारा दिवस झाले. कोबी, डाळ, अंडी, मासे सगळं हाणते आहे, वर कॅल्शियमच्या गोळ्या. सासूबाईंनी पावडरचा डबा आणलाच होता. त्यातही गाईचंच दूध असतं हे त्यांना समजावलं आणि डबा दुकानात परत केला.

खात्रीसाठी आता डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली थोडं दूध पिऊन बघायचं आहे. भीती वाटते, पण करणार.

माया असू दे.

माऊ

७ एप्रिल

ती. आईस,

परवा पेलाभर प्यायले. आज पुन्हा रक्त. खूप रडले, मग उठून घरातलं उरलंसुरलं चीज वाटून टाकलं. बहुतेक बाळांचं हे वर्षभराच्या आसपास सुटतं म्हणे. तोवर माझं दूध पिणं बंद आणि तिचं चालू. यात आता बदल नाही. आई, तुझ्या गाईंवर राग नाही गं.

माऊ

१५ एप्रिल

चि. माऊस,
खूप खूप आशीर्वाद.

तुला कधी सांगितलं नाही, ते सांगते. तुझा धाकटा भाऊ असाच पाय आवळून ओरडायचा. सगळे म्हणाले, आईचं दूधच नासकं. दोन महिन्यांत मी त्याला अंगावरचं तोडलं आणि गाईचं दूध लावलं. मग तो जास्तच आजारी पडला, आठवडाभर सलाईनवर ठेवावं लागलं. तो सुधारला, पण दोष माझ्याच अंगात होता असं मी इतकी वर्षं धरून बसले. मी काय खाते, हे तेव्हा एकानेही विचारलं नव्हतं.

तू हटून बसलीस, बरं केलंस. त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग.

शनिवारच्या बसने येते आहे. गोठा बाबांकडे सोपवला आहे, गाईंची आता परीक्षा आहे. येताना अंडी, शेंगा आणि परसातली भाजी आणते. तुझ्याकडे असेपर्यंत मीही कोरा चहा घेईन. जन्मात प्यायलेली नाही, तोंड वाकडं होईल. हसायचं नाही.

तुझी आई