पुठ्ठ्याचा टॉवर

सर, त्या दिवशी माझ्या पोटात दुखत नव्हतं. आठ वर्षं झाली. तुम्हाला जाऊनही येत्या दिवाळीला तेवढीच होतील. स्टाफरूमच्या दारात उभं राहून मी जे सांगितलं ते खोटं होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. हे माफीपत्र नाही. माफी मागायची सवय मला नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. नववीत तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत, "सॉरी म्हण आणि आत ये" असं तीनदा म्हणालात, आणि मी अख्खा तास बाहेर उभा राहिलो. आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जिवंत असतात तर घरी येऊन भांडलो असतो, काकूंनी केलेला चहा पीत.

भांडण त्याच दिवसावरून, परभाषा दिनावरून. शाळा नवी, वाशीही नवी, भिंतींना चुन्याचा वास आणि मैदानात खाजणातली खारी माती अजून वर येणारी. हेडसरांना परदेशी संस्कृतीचा कार्यक्रम हवा होता, म्हणजे दोरीला कागदी झेंडे, किमोनो म्हणून आयांच्या साड्या आणि पाहुण्यांना नाश्ता. तुम्ही भूगोलाचे, तुम्हाला कोणी विचारलंही नव्हतं, तरी तुम्ही सगळं उलटंपालटं केलंत. "कपडे भाड्याने मिळतात," तुम्ही वर्गात म्हणालात, "भाषा माणसाकडे जाऊन मागावी लागते." मग तुमचे नियम. पाच-पाच जणांचा गट, एका गटाला एक भाषा. ती पुस्तकातून घ्यायची नाही, एका बसच्या अंतरावर राहणाऱ्या जिवंत माणसाकडून घ्यायची. त्या दिवशी हजेरी त्याच भाषेत द्यायची, आणि शेजाऱ्याच्या डब्यातलं काही हवं असेल तर त्याच भाषेत मागायचं, नाहीतर गप आपली पोळी खायची. आमच्या निम्म्या वह्यांना रशियन मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं असायची. तुम्ही म्हणालात, "वर्षभर दप्तरात घेऊन फिरता, एकदा वाचून तरी बघा त्यावर काय लिहिलंय." आणि शेवटचा नियम, ज्यावरून हेडसरांचा चेहरा उतरला. ज्याने शिकवलं तो माणूस स्टेजवर बसणार, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी, हात असलेल्या खुर्चीत, आणि पहिला हार त्याला.

मला फ्रेंच हवं होतं. का, ते तुम्ही ओळखलं होतं, उगाच साळसूदपणा नको. ती फ्रेंच गटात होती. ब्लेडने पेन्सिलीला टोक करून साल कंपासपेटीत जपून ठेवणारी, फ्लॅटमधली, बँकेतल्या साहेबांची मुलगी. तिच्या बिल्डिंगमधल्या एक काकू तीन वर्षं फ्रान्सला राहून आल्या होत्या. आणि मला तुम्ही टाकलंत नेपाळीत. शिकवणार कोण, तर शाळेच्या गेटवरचा गुरखा! वर्गात हशा पिकला. मागून एकजण ओरडला, "सर, ही कसली फॉरेन भाषा? लिपी तर आपलीच!" तुम्ही फळ्यावर 'पानी' लिहिलंत, मला वाचायला लावलंत आणि खूश होऊन म्हणालात, "बघा, याचा उच्चार कसा बरोबर आहे. तुमचा चुकतो." सर, मी नेपाळी बोललो नव्हतो. मी घरच्यासारखं बोललो होतो. आमच्या गावात पानीच म्हणतात, आई रोज तेच म्हणते. तुम्ही अभिमान वाटावा म्हणून केलंत, ते मला आज कळतं. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत नळावर एकच चाललं, "ए नेपाळी, पानी पिला काय? बोल ना, पानी!" एकाचं नाक मी फोडलं, ते तुम्हाला आठवत असेल. का फोडलं ते तुम्ही विचारलं नाहीत. ज्यांच्या जमिनीवर तुमचं हे शहर उभं राहिलं, त्यांचा मुलगा तुमच्या शाळेत फॉरेनर ठरला, आणि तो ठरवणारा खडू तुमच्या हातात होता. हे माझं पहिलं भांडण.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल की हा नेहमीसारखा एकतर्फी बोलतो. गुरखा चांगलं शिकवायचा. तुम्ही त्याला 'दाइ' म्हणायचात, मोठा भाऊ, आणि आम्हालाही म्हणायला लावलंत. तोवर आम्ही त्याला 'ए गुरखा' म्हणत असू. मधल्या सुट्टीत तो गेटजवळच्या दगडावर बसायचा, आम्ही पाचजण जमिनीवर. आम्ही चुकलो की तो टोपी काढून गुडघ्यावर आपटायचा आणि पोट धरून हसायचा. "अरे, तुम बोलता है तो हमारा बकरी भी भागेगा!" तुम्ही मला एक छोटी वही दिली होती, तुमच्या अक्षरात वर लिहिलेली, 'आधी आवाज, मग अर्थ', आणि पहिल्या पानावर तुमचे सगळे नियम. ती अजून आहे. त्यातलं सगळ्यात लांब वाक्य मी पाठ केलं होतं. एकछिन पर्खनुस्, म आउँछु. जरा थांबा, मी येतो. मी ते पहिल्यांदा बिनचूक म्हटलं तेव्हा त्याने टोपी आपटली नाही. सरळ केली. मग म्हणाला, "अभी तुम हमारे गाव का लडका लगता है."

त्या दिवशी माझं काम एकच होतं. प्रार्थना झाली की गेटवर जायचं, त्याला हाताला धरून स्टेजवर आणायचं. हेडसर आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होते, "अहो, तो लाजेल, येणार नाही. अशी माणसं स्टेजवर येत नसतात." तुम्ही म्हणालात, "येईल. याला पाठवतोय ना." आणि माझ्याकडे बोट दाखवलंत. मी गेलो. तो तयार होता. गणवेशाला कडक इस्त्री, बूट चमकवलेले. तेवढ्यात वरच्या व्हरांड्यातून तिने हाक मारली. फ्रेंचच्या वर्गात त्यांनी पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर केला होता, छताला टेकेल एवढा, चंदेरी कागद लावलेला. "अरे, टॉवर कलतोय! ये ना, जरा मागून धर. तू उंच आहेस." माझं नाव घेऊन तिने त्याआधी कधी हाक मारली नव्हती. मी गुरख्याकडे वळलो आणि म्हणालो, "एकछिन पर्खनुस्, म आउँछु." उच्चार अगदी बरोबर आला, सर. तो हसला, मान डोलावली. आणि मी वर जाऊन एक तास त्या टॉवरच्या मागे उभा राहिलो, दोन्ही हातांनी तो धरून. पुढे ती आल्यागेल्याला बोंजूर म्हणत होती, ब्रेडच्या तुकड्यांना जॅम लावून देत होती. एक तुकडा तिने मागे हात करून मलाही दिला. खाली स्टेजवर खुर्ची रिकामी होती. गेटवर तो उभा होता. तिथून मैदान दिसत नाही, नुसता लाउडस्पीकर ऐकू येतो. एकेका पाहुण्याचं नाव त्याने तिथूनच ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी हेडसर तुम्हाला म्हणाले, "सांगत होतो ना, तो येणार नाही? प्रमुख पाहुण्यांसमोर रिकामी खुर्ची. शोभा करून घेतलीत." मी दारात हजेरीपट घेऊन उभा होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "कुठे होतास रे?" "पोटात दुखत होतं, सर." तुम्ही हेडसरांकडे वळून म्हणालात, "माझी चूक झाली." बस, एवढंच. मला रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मला वाचवलंत की माझं खोटं ओळखलंच नाहीत, हे आठ वर्षं मी उलटसुलट करून बघतोय. आणि मग दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात, छातीत कळ आली म्हणे, आणि माझं भांडण माझ्याच गळ्यात राहिलं. हे दुसरं. माणसाने असं मध्येच उठून जायचं नसतं.

मीही उठून गेलो म्हणा. कॉलेजातून, दुसऱ्या वर्षाला. ती दादरला फ्रेंच शिकायला जायला लागली आणि मी माझी लेक्चरं सोडून तिच्या कॉलेजसमोर उभा राहायला लागलो. हजेरी भरली नाही. परीक्षेचा फॉर्म घेताना क्लार्क म्हणाला, "वर्षभर होतास कुठे, राजे?" मी फॉर्म फाडला आणि त्याच्याच टेबलावर ठेवून बाहेर पडलो. तुम्ही असतात तर "पदवी घे आधी, मग काय ते कर" म्हणाला असतात. मी ऐकलं नसतं. आता न्हावा शेव्याला बंदराचं काम चाललंय, तिथे स्टोअरला आहे. परदेशातून यंत्रांचे खोके येतात, त्यावरचं मला वाचता येतं. एक जपानी फिटर आहे, त्याच्याकडून मी पन्नासेक शब्द घेतले, एका बसच्या अंतरावर. पदवीवाल्या साहेबांना त्याच्याशी बोलायचं असलं की मला बोलावतात.

गेल्या महिन्यात शाळेने जुन्या मुलांना बोलावलं. परदेशी भाषा आणि संस्कृतीचा सोहळा करायचाय, कल्पना द्या म्हणून. नव्या मुख्याध्यापिका बाईंची यादी तयारच होती, झेंडे, वेशभूषा, खाऊचे स्टॉल. ती पण होती मीटिंगला. आता दादरला फ्रेंचचे क्लास घेते. तिचं कुठे जमलंय असं ऐकतो, मी खात्री करून घेत नाही. मी तुमची वही काढली आणि एकेक कल्पना वाचली. हजेरी, डबा, वह्यांची कव्हरं, सगळ्यांना आवडलं. मग खुर्ची. बाई म्हणाल्या, "वॉचमनला स्टेजवर? प्रमुख पाहुणे काय म्हणतील? स्टेजवर नको हं. गेटवर तुम्हाला काय करायचं ते करा." मी आवाज चढवला. तिने माझी बाही ओढली. "तू प्रत्येक गोष्टीचा तमाशा का करतोस?" मी म्हणालो, "तमाशा स्टेजवर आहे. आम्ही गेटवर शाळा भरवू." आठ वर्षांनी तिने माझी बाही धरली होती सर, आणि ती सोडवून घेऊन मी उठलो.

आज सकाळी ते झालं. ऑफिसातली हात असलेली खुर्ची मी डोक्यावर घेऊन गेटवर नेली. तो म्हातारा झालाय, मिशी पांढरी. खुर्ची बघून म्हणाला, "ड्यूटी पे बैठेगा तो लोग बोलेगा, गुरखा सो गया." मी म्हणालो, "दाइ, बसा. बस्नुस्." त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू वो है. पर्खनुस् बोलके गया था." मग टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "आठ साल पर्खा मैं! चाय भी नही पूछा कोई!" आणि बसला. मी गेट लावून घेतलं. आत जायचं तर विचारायचं, भित्र आऊँ? तो आउनुस् म्हणेल तेव्हाच आत. सगळी शाळा गेटवर आली. पोरांना पाच मिनिटांत पाठ झालं. ज्याचा उच्चार चुकेल त्याला तो परत म्हणायला लावायचा, मास्तरासारखा. मग प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. बाई धावत आल्या, "अहो, गेट उघडा!" गुरखा सवयीने उठायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. पाहुणे काच खाली करून बघत होते. पाचवीतली एक चिमुरडी खिडकीशी जाऊन म्हणाली, "काका, भित्र आऊँ म्हणा, त्याशिवाय नाही हं." ते उतरले, खुर्चीसमोर उभे राहिले आणि म्हणाले. चुकलं. गुरख्याने परत म्हणायला लावलं. मग म्हणाला, आउनुस्. मी हार आणला होता, झेंडूचा. पाहुण्यांच्या देखत पहिला त्याला घातला.

ती रिक्षातून उतरली, हातात पोस्टरच्या गुंडाळ्या. खुर्ची बघितली, मला बघितलं. मी वाट बघत होतो. म्हणायला दोनच शब्द होते. ती वळली आणि सायकल स्टँडच्या बाजूच्या लहान दाराने आत गेली. मी मागे गेलो नाही. आजही जीव तिच्यावरच आहे, त्याला माझा इलाज नाही, पण गेलो नाही.

हे तुमच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. काकू तुमच्या लेकीकडे गेल्या, पत्ता कोणाकडे नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. पानं फाडणारही नाही. वही खिशात राहील. भांडण माझ्या बाजूने संपलं. एकच राहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हात काढला असता तर टॉवर पडला असता, तिची फजिती झाली असती, म्हणून थांबावं लागलं. तो पडत नव्हता, सर. त्या तासाभरात मी दोनदा हात सोडून बघितलं होतं. उभाच होता.