एका पेशीची दचक

बाबा, आई अजून तुम्हाला घाबरते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तिला माझं नाव आठवत नाही, सकाळी जेवली की नाही ते आठवत नाही, पण मी दारात उभा राहिलो की तिचे दोन्ही हात डोक्यावर जातात. चेहरा तुमचा घेतलाय ना मी. मिशी काढली, केस बारीक केले, चष्मा बदलला, उपयोग शून्य. ती मला तुम्हीच समजते आणि मार चुकवायला भिंतीकडे सरकते. तिची ही भीती जावी, एवढंच मला हवंय. त्यासाठी नागपूरच्या नोकरीतून लांब सुट्टी काढून मी इथे, चंद्रपूरजवळच्या आपल्या खाणीकाठच्या घरात येऊन बसलोय.

माझं काम तुम्हाला कधी कळलं नाही. उंदराच्या मेंदूची पातळ चकती काढायची, तिच्यातल्या एकाच पेशीला केसाहून बारीक काचेची सुई लावायची आणि विजेचे झटके द्यायचे. पहिल्या झटक्याला ती तडतडते. तसेच झटके देत राहिलं की मंदावते, सरावते. झटके थांबवले की पुन्हा सावध होते. पण किती वेळात, ते आधी तिला किती काळ छळलं होतं त्यावर ठरतं. म्हणजे आत्ता काय झालं ते तिला ठाऊक असतं, आणि बऱ्याच आधीपासून काय चाललं होतं तेही. ना धड, ना डोकं, शेजारीपाजारी जाब विचारणारं कोणी नाही, तरी एकटी पेशी लक्षात ठेवते. हे पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या पडद्यावर पाहिलं तेव्हा बाकीचे खूश होऊन चहा मागवत होते आणि मी सुई तशीच सोडून बाहेर निघून गेलो.

कारण मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही खाणीत सुरुंग भरायचात. दुपारी भोंगा व्हायचा, मग धमाका. फळीवरची भांडी थरथरायची, कौलांतली धूळ पिठात पडायची, आणि आई मान वर न करता भाकरी थापत असायची. संपात खाण बंद राहिली की नंतरच्या पहिल्या धमाक्याला मात्र दचकायची आणि स्वतःच हसायची. तीच बाई संध्याकाळी अंगणात तुमच्या सायकलचं स्टँड वाजलं की पांढरीफटक पडायची. धमाका वेळेवर व्हायचा, तुमचं तसं नव्हतं. आठवडेच्या आठवडे काही नाही, विहारात पंचशील म्हणताना तुमचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि एखाद्या दिवशी वरणात मीठ कमी म्हणून तिचं डोकं चुलीच्या कडेवर. तुम्ही रोज ठरल्या वेळी मारलं असतं तर बिचारी सरावली तरी असती. एवढीही मेहरबानी केली नाहीत. तिच्या भुवईवरून रक्त गळतंय, मी तिचा पदर धरून ओरडतोय, आणि तुम्ही म्हणताय, "चूप बस, नाई तं तुले बी देतो." दिलंतही.

मी ठरवलं, तिला सरावू द्यायचं. रोज एकाच वेळी, हळू पावलांनी, हसत आत जायचं. शिकल्यासवरल्या माणसाचा मूर्खपणा, दुसरं काय! चटकन बदलतं तेवढंच मी बदलत होतो. वर्षानुवर्षं मुरलेल्या त्या संथ आठवणीपर्यंत माझं हसू पोचतच नव्हतं. गेल्या महिन्यात एका दुपारी तिनं हात डोक्यावर नेले नाहीत. मला वाटलं, जमलं. ताट उचलायला वाकलो, तर तिनं पोळपाटावरचं लाटणं घेतलं आणि माझ्या कानशिलावर हाणलं. मग खांद्यावर, मग बोटांवर. "काऊन मारत होते जी मले? काय केलं होतं म्या? सांगा!" बोटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी तिचा हात धरला नाही. ती धापा टाकत उत्तराची वाट पाहत होती, आणि उत्तर देणारा माणूस कधीच सरणावर जळून गेला होता. म्हणून मीच म्हणालो, "चुकलं माझं. तुझी काईच चूक नव्हती."

तिनं लाटणं खाली ठेवलं. "बसा," ती म्हणाली, "जेवून घ्या. भात थंडा होऊन राह्यला." मी तुमच्या जागेवर बसून जेवलो.

त्या दिवशी झोपेपर्यंत ती घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हात डोक्यावर. तेव्हापासून रोज दुपारी मी तुमच्या नावानं माफी मागतो. तिच्यासाठी मागतो, तुम्हाला ती मिळावी अशी माझी बिलकूल इच्छा नाही. कधी लाटणं बसतं, कधी ती नुसतंच ऐकून घेते. भीती हल्ली जरा उशिरा परतते असं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही आणि घरात ठेवणारही नाही. एक मात्र सांगतो. काल माफीचे ते शब्द म्हणताना पहिल्यांदाच, बाबा, मला तुमची मायेनं आठवण आली, आणि मला मार बसावा म्हणून मी लाटणं तिच्या हाताशी सरकवलं.