नव्या गाण्यांत कोण गातं?

तळासरी,
६ मे २०१८

प्रिय पीयूष,

जोहार. पुण्यात तू मजेत असशील. आमच्याकडे सगळं ठीक, फक्त ऊन जीव घेतंय. चिखल्याहून तात्यांनी वाडीतले चिकू धाडले होते. तुझ्या वडिलांचा हात सढळ आहे, तुझ्या संगितावहिनीने ते वाटून अर्धा पाडा खूश केला. आमची पुष्पी आता बसायला लागली. दिसेल ते तोंडात घालते.

तुझे फोन दिसले. उचलले नाहीत, रागावू नकोस. मेसेज टाकला की तू लगेच फोन लावतोस, म्हणून हे पत्र. हस खुशाल.

महिनाअखेर तुझे मित्र वाडीवर जमणार, मी वाजवायचं, आणि त्याआधी डीप हाउसची चांगली गाणी सुचव, जुनी आणि नवी, असं तू लिहिलंस. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहेत. इंग्रजी नावं माझ्या डोक्यात कधी टिकली नाहीत, त्यामुळे फाइलींना मीच बारसं केलंय.

जुन्यांत पहिलं 'ओहोटी' लाव. बोर्डीच्या हॉस्टेलमागे तू ऐकवलं होतंस, इअरफोनचं एक बोंड तुझ्या कानात, एक माझ्या. ऑर्गनचे दोनच सूर येतात न् जातात, आणि ती बाई एकच ओळ घोळवत बसते. मी म्हणालो, ही अडकली काय रे? तू म्हणालास, "थांब ना, घाई काय आहे." तारप्याच्या एका सुरावर फेर धरून नाचणाऱ्या वारल्याला तू हे सांगत होतास! मग 'तात्यांची सायकल' लाव. त्यात किक ड्रमच्या ठोक्यावर बारीक टिकटिक आहे, उतारावर पायडल सोडल्यावर चाक करतं तशी. 'सुकट' शेवटी ठेव. पियानो उशिरा येतो, पण आला की माणूस बोलायचं थांबतो.

नव्यांना नावं दिली नाहीत. पहिल्याचा बेस बरगडीखाली लागतो. दुसऱ्याचा टाचेत. तिसरं लावून मांडवाच्या बांबूला हात लाव, बोटांत उतरतं. टेंपो तिन्हींचा छान, संथ. त्यांत कुणी गातं का, ते मात्र तूच ऐकून बघ.

मला माहीत नाही, पीयूष. मला ऐकूच येत नाही.

जुनी गाणी मला पाठ आहेत, ती आठवणीत वाजतात. नवी मी स्पीकरवर तळवा ठेवून निवडली. लग्नांत लॅपटॉपवरच्या लाटा बघून गाणं गाण्याला जोडतो, कुणाच्या लक्षात येत नाही. टिकटिक आधी गेली, मग बायकांचे आवाज. संगिता हाका मारून थकते आणि म्हणते, "माज आलाय तुला, डीजेवाल्या!" म्हणते असं वाटतं. तिच्या तोंडाकडे बघून ओळखतो.

मागच्या महिन्यात पाड्यातल्या तानीच्या लग्नाला माझा डीजे सेट होता. आमच्यात भटजी नाही, धवलेरी बाई गाऊन लग्न लावते, तुला ठाऊक आहे. तिचं गाणं सुरू झालं की सगळं बंद. आमच्या धवलेरी हिराबाई तांदूळ हातात घेऊन बसल्या, बायकांचा घोळका पुढे आला, मला त्या दिसल्याच नाहीत. त्यांचा आवाज बारीक, सोबत ढोल नाही, काही नाही. अंगाला काय लागणार! मी बेस चढवला. तानीचा मामा काकड्या धावत आला, खांदा धरून हलवला. ओठ वाचले: "बंद कर! धवलेरी गाते ना, आयकत नाय का?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. हिराबाईंनी तांदूळ खाली ठेवले होते. माझ्या स्वतःच्या लग्नात त्याच गायल्या होत्या रे. आणि मी काय बोललो माहितेय? "मुद्दाम वाजवलं. किती येळ गाल?"

बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजलेला बरा, असं त्या घटकेला वाटलं. हिराबाईंनी पहिल्यापासून पुन्हा लग्न लावलं. आता पाड्यात मला कुणी बोलावत नाही. लाज वाटते, फार वाटते, पण खरं सांगायला अजून तोंड उघडत नाही. संगितालाही नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

वापीला कानाच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. त्यांनी कागदावर लिहून दिलं, गेलं ते परत येणार नाही. स्पीकरपासून कायमचा लांब राहिलो तर थोडं उरेल, कानाला मशीन लावून जवळचं बोलणं कळेल. नाहीतर तेही जाईल.

पुष्पी अजून बोलत नाही. "बा" म्हणेल तेव्हा मला ते तिच्या ओठांवरून वाचायचं नाहीये. पण सेट विकून मी करू काय? तारापूरच्या कंपनीत पाळीला जाईन, जातात तसे लोक. तिथल्या मशीनपुढेही कान मरतातच म्हणतात. झोप येत नाही. स्पीकरच्या पेटीवर हात ठेवून बसतो आणि तिसरं गाणं लावतो, हळू, मग हळूच थोडं मोठं. कळतंय सगळं, तरी करतो. वेड लागायची पाळी आलीय.

म्हणून वाडीवर तूच वाजव. लोक बोलायचं थांबले का, ते बघ. नव्या तीन गाण्यांत कुणी गातं का, पुरुष की बाई, काय म्हणतं, ते सगळं मला लिहून पाठव.

आणि पाया पडतो, मला बोलावू नकोस. "एकदाच ये, मिथुन" असं तर चुकूनही लिहू नकोस. बाकी कुणालाही मी नाही म्हणेन.

तू बोलावलंस तर येणाराच,
तुझा
मिथुन